पाठीवरचा लोकरीचा तुकडा

गावात मुलींच्या खो-खोच्या सामन्यांचं उद्घाटन होतं. जिंकणाऱ्या संघाला मी दुकानातल्या घोंगड्या दिल्या होत्या, म्हणून मला दुसऱ्या रांगेत खुर्ची मिळाली. पहिली रांग भाषण करणाऱ्यांची. प्रमुख पाहुण्या पुण्याहून आल्या होत्या. माझ्याच वयाच्या, पांढरी इस्त्रीची साडी, हातात फुलांचा गुच्छ. जुन्या जालन्यातल्या एका मोठ्या घरची ही नात. निजामाच्या राज्यात इथं मुलींचा पहिला संघ उभा राहिला, त्यातल्या त्या एक, असं सांगण्यात आलं. बाईंनी माईक जवळ ओढला आणि म्हणाल्या, "आम्ही सगळ्या जातींच्या मुली एकत्र खेळलो. एकमेकींच्या पाठीवर थाप मारताना कुणी कुणाची जात विचारली नाही."

टाळ्या पडल्या. माझ्या तोंडात उद्घाटनाचा पेढा होता, तो मी रुमालात काढून टाकला. गिळवेना.

माझा राग सगळ्या बाजारपेठेला माहीत आहे. तिथल्या तिथं उठले असते. पण समोर पोरी बसल्या होत्या, अर्ध्या चड्ड्या घातलेल्या, गुडघ्यांना माती लागलेल्या, आणि माझ्या तोंडापायी त्यांचा सामना लांबला असता. त्या दिवशी गिळलेलं आता लिहून काढते.

आम्ही हसनाबादेकडचे धनगर. बाप मेंढरांमागं, माय घोंगड्या घेऊन बाजारच्या दिवशी जुन्या जालन्यात. मी मायसोबत. घोंगडीला चिंचोक्याची खळ देतात, त्यामुळं ती कडक राहते आणि उन्हात ठेवली की तिला आंबूस वास सुटतो. आम्ही दिवसभर त्या वासात आणि त्या उन्हात. ज्या गल्लीत बसायचो तिथं एकाच घराला रुंद दगडी ओटा होता आणि त्याच्यावर दुपारभर सावली असायची. घरातले पुरुष सकाळी त्या ओट्यावर बसून तंबाखू खायचे आणि ओट्याच्या कडेलाच थुंकायचे. ते चालायचं. माय एकदा पाठ टेकायला बसली तर आतून आवाज आला, "कोण आहे गं ते? उठव तिला." आवाज घरच्या म्हाताऱ्या मालकिणीचा. तिला सगळी गल्ली थोरल्या बाई म्हणायची.

मजा अशी की याच थोरल्या बाई दर वर्षी आमच्याकडून घोंगडी घ्यायच्या. देवपूजेला बसायला, सोवळ्यात अंगावर घ्यायला. लोकरीला विटाळ लागत नाही असं त्यांचं शास्त्र. मेंढी आम्ही धुवायची, कातरायची, सूत आमच्या मांडीवर वळायचं, आणि घोंगडी मात्र थेट देवघरात. आम्ही ओट्याच्या खाली.

एका बाजारी आमचा विकायला आणलेला एडका दावं तोडून गल्लीत सुटला. मी मागं धावले. टोपल्या, गाडे, माणसं, सगळ्यांमधून वळणं घेत त्याला चौकात शिंगाला धरून पाडला. तिथं मुलींच्या शाळेच्या मास्तरीणबाई उभ्या होत्या. बाईंचं माहेर वऱ्हाडातलं, त्यांनी तिकडं मुलींना खो-खो खेळताना पाहिलं होतं आणि इथं तसा संघ करायचं त्यांच्या डोक्यात भरलं होतं. शाळेतल्या पोरी त्यांच्याकडं होत्या, पण पळणारी एक नव्हती.

"पोरी, आमच्यात खेळायला येशील?"

"काय देता?"

बाई हसल्या. "अगं, खेळायचं कुणी काही देतं का?"

"मंग मी काय करून राह्यले इथं? एडका इकायचा हाय मला."

पण माझं डोकं तेव्हाही सौद्यातच चालायचं. पोरी खेळायच्या कुठं, तर त्याच मोठ्या घराच्या मागच्या आवारात. उंच भिंती, पुरुषांची नजर पडायची नाही. सभा-संमेलनाला सरकारची परवानगी लागायची, म्हणून सामना भरवायचा तोही बायकांचं हळदीकुंकू म्हणून. सगळं थोरल्या बाईंच्या मर्जीवर. मी मास्तरीणबाईंना म्हटलं, मला त्यांच्यापुढं न्या.

थोरल्या बाई दारात पाटावर बसल्या होत्या. मी अंगणात.

"मायला ओट्यावर बसू द्या. बाजारच्या दिशी. मी खेळते."

"बसू दे पलीकडच्या टोकाला."

"तिकडं ऊन येतं. सावलीच्या टोकाला."

"भारीच आहेस की गं तू," थोरल्या बाई मास्तरीणबाईंकडं पाहून म्हणाल्या. "बरं. पण मुलींना हात लावायचा नाही. खेळून आल्या की त्या सरळ स्वयंपाकघरात शिरतात. मी म्हातारी किती वेळा सगळं धूत बसू?"

ज्यांनी खो-खो पाहिला आहे त्यांना यातली मेख लगेच कळेल. आठ पोरी एका रांगेत आलटून पालटून तोंड करून उकिडव्या बसतात. नववी धावते. तिला दमल्यावर किंवा दिशा बदलायची झाली की बसलेल्या पोरीच्या मागून जाऊन पाठीवर हात मारायचा आणि "खो" म्हणायचं. ती उठते, ही तिच्या जागी बसते. हात मारल्याशिवाय खो होत नाही. तो खेळच हाताचा. मास्तरीणबाईंना हे ठाऊक होतं. पण आवार थोरल्या बाईंचं. मास्तरीणबाई म्हणाल्या, "सरावात नुसतं ओरडून खो देऊ. सामन्याला हात लावा म्हणजे झालं." समोरच्या संघाच्या पोरींना बाद करायला मात्र माझा हात चालणार होता. त्यांच्या घरचं सोवळं त्यांचं त्यांनी बघावं.

महिनेच्या महिने आम्ही तसंच खेळलो. मी पाठीमागून यायचे, वीतभर अंतरावर थांबून ओरडायचे, पोर उठायची. त्याही मला तसाच खो द्यायच्या. थोरल्या बाईंची नात, म्हणजे आजच्या प्रमुख पाहुण्या, माझ्याच वयाची होती, चपळ, कान तिखट. माझी चाहूल लागली की खो म्हणायच्या आधीच तिचे पाय सुटायचे. आमची जोडी चांगली जमली. माय सावलीत बसून घोंगड्या विकायची आणि दुपारी डुलकी काढायची. मायला डुलकी काढताना मी तोवर कधी पाहिलं नव्हतं.

मग सामना झाला. नदीपलीकडच्या नव्या जालन्यातल्या पोरी आल्या. व्यापाऱ्यांच्या घरच्या, खाऊनपिऊन धट्ट्याकट्ट्या. शिट्टी धरायला औरंगाबादेहून एक बाई बोलावल्या होत्या, कडक. आवारात सतरंज्या, गच्चीवर बायका, आणि पुढ्यातच पाटावर थोरल्या बाई.

पहिलाच खो मी नातीला दिला. हात उचलला. खरंच उचलला होता. पण इतक्या दिवसांची सवय, आणि समोरून म्हातारीचे डोळे. हात वीतभरावर थांबला, तोंडातून खो निघाला, नात उठून पळाली. शिट्टी वाजली. खो चुकला, मागं फिर. पुन्हा तेच. मग नातीनं दुसरीला खो दिला, तोही तोंडानंच. त्या पोरींना एकमेकींना हात लावायला काही अडचण नव्हती, पण सगळ्यांचेच हात आखडलेले. नव्या जालन्याच्या पोरी हसून हसून वाकल्या. "अय्या, ह्या तर ओरडूनच खेळतात!" त्यांच्यातल्या एकीनं तर पळता पळता आमच्या रांगेकडं बघून कोंबडीसारखं "खो खो खो" केलं. आम्ही हरलो. नुसतं हरलो नाही, हसं झालं.

हळदीकुंकू चालू असताना थोरल्या बाई शेजारणीला म्हणाल्या, मला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "तिला मेंढरं हाकायची सवय. नुसती ओरडते. मुलींनाही तीच सवय लावली."

मी मास्तरीणबाईंच्या तोंडाकडं बघत राहिले. मला वाटलं त्या काही बोलतील. बाईंनी पदर सावरला आणि वाणाची ताटं मोजायला घेतली. नातीकडं पाहिलं. ती पायाच्या अंगठ्यानं फरशी घासत होती.

पुढच्या बाजारी ओट्यावर पाण्याचे हंडे मांडून ठेवले होते. बसायला जागा नाही. मायनं गाठोडं उचललं आणि गल्लीच्या तोंडाशी उन्हात पसरलं. "जाऊ दे," म्हणाली. मी जाऊ देणाऱ्यातली नाही. मला ओटा बोलून मिळाला होता, पळून मिळाला होता, आणि त्यांनी सांगितलेलं ऐकलं म्हणून गेला होता. ही गोष्ट मी अजून पोटात बाळगून आहे आणि बाळगणार.

वर्षभरानं मास्तरीणबाई उन्हात आमच्यापुढं येऊन उभ्या राहिल्या. नव्या जालन्याच्या पोरींनी पुन्हा निरोप धाडला होता. निरोपात कोंबडी होतीच.

"बाळ, तुझ्याशिवाय नाही गं होणार."

मागच्या वर्षी मी 'पोरी' होते, आता 'बाळ' झाले.

"खो हातानं देईन. नसता येत न्हाई. आन् ओटा. हंडे उचला म्हनावं."

"थोरल्या बाईंना विचारते."

"इचारा. मी इथंच हाये, उन्हात."

म्हातारीनं काय तोड काढली ते ऐकून मला आधी हसू आलं आणि मग शिसारी. लोकरीला विटाळ नाही ना? मग प्रत्येक पोरीच्या पोलक्याला पाठीवर घोंगडीचा चौकोन शिवायचा. माझा हात लोकरीवर पडेल, पाठीवर पडणार नाही. माझ्याही पाठीवर तसाच तुकडा, म्हणजे त्यांचे हातही राखले जातील. शास्त्र राहिलं, खेळ राहिला. आणि तुकडे विकत घ्यायचे आमच्याकडूनच.

मायला आनंद झाला.

"माय, कशाला पाह्यजेत ते म्हाईत हाय का तुला?"

"म्हाईत हाय. इकत घेऊन राह्यलेत न्हवं? कापून दे."

"माझा हात लागू नये म्हून, माय."

"मंग? आजवर काय लावून घेत होते का? तुझं आपलं भलतंच. सावली मिळती का न्हाई ते बघ."

मी कापून दिले. पण नव्या घोंगडीतून नाही. मेंढरांच्या वाड्यावरच्या कुत्रीनं ज्या घोंगडीवर पिल्लं घातली होती, ती काढली. झटकली, खळ फासून कडक केली आणि चौकोन पाडले. थोरल्या बाईंनी लांबूनच पाहिले. "छान आहेत. शुद्ध," म्हणाल्या. मी मान डोलावली. लोकरीला विटाळ नसतो हे त्यांनीच मला शिकवलं होतं.

सामना नवरात्र उलटल्यावर, ऐन आश्विनाच्या उकाड्यात. पोरी घामाघूम. ओल्या लोकरीला ओल्या कुत्र्याचा वास येतोच, त्या तुकड्यांना तर यायलाच पाहिजे होता. सगळ्या रांगेत तो वास. पाठी लाल झाल्या, खाजवायला हात पोचेना. गच्चीवरच्या बायका नाकाला पदर लावून बघत होत्या. पण खो बराबर पडू लागले. माझा हात लोकरीवर आदळला की धप्प आवाज यायचा, धूळ उडायची आणि पोर सुटायची. औरंगाबादच्या बाईंची शिट्टी एकदाही माझ्यावर वाजली नाही. नव्या जालन्याच्या पोरींची कोंबडी कुठं गेली कळलं नाही.

शेवटी त्यांची एकच राहिली, तीच कोंबडी करणारी. ती बाद झाली तर आम्ही जिंकलो. मी तिला खांबाकडं रेटत नेलं. ती वळली आणि रांगेच्या पलीकडून निसटू लागली. तिच्या तोंडासमोर नात बसली होती. खो नातीलाच द्यायला हवा होता, दुसऱ्या कुणाला देऊन उपयोग नव्हता. मी मागून गेले आणि पाहिलं, नातीच्या पाठीवर तुकडाच नाही. खाजवून खाजवून तिनं टाके उसवले होते, तुकडा मागं मातीत पडला होता. घामानं पोलकं पाठीला चिकटलेलं. पुढ्यात पाटावर म्हातारी.

विचार करायला वेळ कुठला? आणि वेळ असता तरी मी तेच केलं असतं. पूर्ण पंजा पसरून अशी थाप दिली की गच्चीवरची एक बाई "अगं आई!" म्हणाली. नात सुटली. त्या पोरीला तिनं खांबापाशी गाठलं आणि तिच्या दंडावर हात ठेवला.

जिंकलो. नात धावत माझ्याकडं आली, माझी दोन्ही मनगटं धरली आणि उड्या मारायला लागली. "काय गं मारलंस! पाठ फुटली की माझी!" मीही उड्या मारल्या. तिचा घाम माझ्या हाताला लागला, माझा तिच्या. तेवढा वेळ ती खरी होती, हे मी नाकारत नाही.

"इकडे ये," थोरल्या बाई म्हणाल्या.

हात सुटले. ती गेली. तिच्यामागून बाकीच्याही एकेक करून आत गेल्या. मास्तरीणबाई म्हणाल्या, "बक्षीस समारंभाला थोडा वेळ आहे, बस हं." आडाचा रहाट करकरायला लागला. आतून पाणी ओतल्याचा आवाज येत राहिला, एकीनंतर दुसरीवर. मी आवारात एकटी. सगळीकडं लोकरीचे तुकडे पडलेले, पोरींनी जाता जाता उपटून फेकलेले.

पोरी बाहेर आल्या तेव्हा सगळ्यांचे केस ओले होते. कोरी परकर-पोलकी, कपाळाला ताजं कुंकू, आणि केसांतून पाणी ठिबकतंय. त्या रांगेत बसल्या. मी रांगेच्या शेवटाला, धुळीनं भरलेली. थोरल्या बाईंनी प्रत्येकीच्या हातात खण दिला. माझ्या हातात वरून टाकला. मी नातीकडं बघत होते. ती आपल्या खणाची किनार बघत होती. ओल्या वेणीचं पाणी तिच्या पाठीवर बरोबर तिथंच उतरत होतं जिथं माझा पंजा पडला होता.

तो खण मी मायला दिला. तिनं शिवला आणि घातला. माझ्याच्यानं त्याच्याकडं बघवत नव्हतं.

ओटा मिळाला. बोली होती, मी सोडली नाही. संध्याकाळी आम्ही उठलो की गडी शेणपाण्यानं ओटा धुवायचा. पुरुषांच्या थुंकीवर पाणी कधी पडलं नाही, पण आमच्या जागेवर पडायचं. धुवा म्हटलं. पाणी तुमचं, शेण तुमचं, हात तुमचे. मी पुढच्या बाजारी पुन्हा तिथंच, सावलीच्या टोकाला. रझाकारांच्या गडबडीत ते घर कुलूप लावून वऱ्हाडात निघून गेलं. खेळ बंद पडला तो वर्षानुवर्षं. आम्ही ओट्यावरच राहिलो. पोलीस ॲक्शननंतर ते परतले तेव्हा ओट्यावर मी फळ्या ठोकून दुकान मांडलं होतं, आणि ते हलवायला मला कुणी लावू शकलं नाही. आजचं दुकान तिथूनच वाढलेलं आहे.

असो. भाषणं संपली. फोटोसाठी पुण्याच्या बाई खाली उतरल्या, माझ्याकडं बघून थबकल्या आणि ओळख पटली. "अगं, तूच ना ती? हिची थाप मला अजून आठवते!" असं सगळ्यांना सांगत त्यांनी माझे दोन्ही हात धरले. फोटोवाला सरसावला.

"आन् अंघोळ?" मी विचारलं.

"कसली अंघोळ?"

मी सांगितलं. रहाट, ओले केस, वरून टाकलेला खण. त्यांचा चेहरा बघत होते मी. सौद्यात माणूस खोटं बोलतंय की नाही हे मला चेहऱ्यावरून कळतं. त्यांना खरंच आठवत नव्हतं. तेच मला सगळ्यात किळसवाणं वाटलं. हळूहळू काहीतरी आठवल्यासारखं झालं, आणि त्या म्हणाल्या, "लहान होतो गं आपण. आजी सांगायची ते करायचो."

"आताचं भाषण आजीनं सांगितलं होतं का?"

फोटोवाल्यानं कॅमेरा खाली घेतला.

"मग मी काय करू म्हणतेस?" त्या हळूच म्हणाल्या.

"माईक चालू हाय अजून. वर जा आन् ओल्या केसांचं सांग. ह्या पोरींना सांग."

त्यांनी माईककडं पाहिलं. मग घड्याळाकडं. "पुढच्या वेळी नक्की सांगेन. आता सामना सुरू होतोय, बघ ना."

"उधार देत न्हाई मी," म्हटलं आणि हात सोडवून घेतले.

त्या गाडीत बसून गेल्या. मैदानात शिट्टी वाजली. पोरी धावायला लागल्या, पाठींवर थापा पडायला लागल्या, फट फट, घामेजलेल्या बनियनांवर. मी खुर्ची सोडून दोरीपाशी जाऊन उभी राहिले. एका बारक्या पोरीनं घाईत नुसतं ओरडून खो दिला, हात पोचलाच नाही. पंचांच्या आधी मीच ओरडले, "हात लाव गं! हात लावल्याबिगर खो व्हत न्हाई!"

शेजारचे गुरुजी म्हणाले, "काकू, बसा खाली, मागच्यांना दिसत नाही."

मी बसले नाही.